सुमीला विचारायचं

ताई, परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला जेवढे लोक बोलले तेवढे सगळे खोटं बोलले. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. "प्रमिलाताई फार मनमिळाऊ होत्या." तू? गुढियारीतल्या तुझ्या पाऱ्यात, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात, असं एक घर दाखवा म्हणावं ज्याच्याशी तुझं नळावरून वाजलं नाही. "नेहमी हसतमुख असायच्या." हार घातलेल्या त्या फोटोत तू हसलेली आहे, कारण रिटायरमेंटच्या दिवशी फोटोवाला चारदा "मॅडम, थोडा मुस्कुराइए" म्हणाला होता. तरी दात दिसू दिले नाहीस, म्हणजे दिले नाहीतच.

सगळ्यात कहर तो ठेकेदार. "बाईंनी आयुष्यात कोणाचं मन दुखवलं नाही," असं त्याने मोबाईलमध्ये बघून वाचलं. नववीत गणितात तू त्याला दोनदा नापास केलं होतं आणि वर्गात उभं करून दगड म्हटलं होतं, हे पाऱ्यात कोणाला माहीत नाही? मजकूरही त्याचा तोच, दर मयतीला वाचतो तो, फक्त नाव बदलतो. मध्ये एकदा "त्यांच्या पश्चात पत्नी" असंही वाचून गेला. एकाच्याही लक्षात आलं नाही. सगळ्यांचं लक्ष मागे लागलेल्या पत्रावळीकडे.

मग माइकवर म्हणाले, आता धाकट्या भगिनी सुमनताई दोन शब्द बोलतील. मी उठले, "ताई चांगली होती," म्हटलं आणि खाली बसले. लोकांनी माना डोलावल्या, बिचारीला बोलवत नाही म्हणून. ज्यांना माहीत होतं ते एकमेकांकडे बघत होते. आपण आठ महिने बोललो नव्हतो. एका लॅपटॉपवरून. आणि सतरा दिवसांपूर्वी तू निघून गेली, भांडण अर्धवट टाकून. भांडण अर्धवट टाकणाऱ्या माणसाची तुला किती चीड होती, आठवतं ना?

तर जे माइकवर बोलले नाही ते इथे बोलते. ऐकून घे. आता मध्ये तोंड घालता येणार नाही तुला, हा एक फायदा आहे.

आपली खोड पहिल्यापासून एकच, सगळं जोडीनं घ्यायचं. गोल बाजारात गेलो की दोन साड्या एका रंगाच्या, दोन कुकर एका मापाचे, दोन स्टीलचे डबे. दुकानदार विचारायचा, "दीदी, दोनों सेम?" आणि तू त्याच्याकडे असं बघायची की त्याने मूर्खासारखं काही विचारलं. मग त्या कोपऱ्यावरच्या नाव कोरणाऱ्याकडे जायचं. तुझ्या भांड्यावर 'प्रमिला', माझ्या भांड्यावर 'सुमन'. त्याची ती मशीन कर्रकर्र वाजायची आणि तू वर उभी राहून त्याला काने-मात्रे सांगायची. एकदा त्याने 'सुमण' कोरलं तर तू त्याच्याकडून नवा डबा वसूल केला होता. पैसे नाही, डबा! जोडीचं असल्याशिवाय आपल्याला वस्तू आपली वाटायचीच नाही. बह्याड होतो दोघीही.

म्हणून तुझ्या निखिलने पुण्याहून त्याच्या कंपनीतले काढून टाकलेले लॅपटॉप पाठवले, तेही दोन. एक आईला, एक मावशीला. काळे, जाड, एकसारखे. तुझ्या जुन्या पडद्याच्या कापडाची तू दोन कव्हरं शिवली. डब्यावर नाव कोरणाऱ्या बायका आपण, पण लॅपटॉपवर नाव घालायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही. माझ्यात मी मनोहरचे फोटो भरले. पंधरा वर्षांचे. मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात उभा, तेलीबांध्याच्या तलावाशी भेळ खाताना, आजारपणातले शेवटचेही. आणि त्याच्या आवाजाचा तो एकच व्हिडिओ, चहा करताना मला म्हणतो, "बंद कर ते, सुमन, दूध उतू जाईल." तीन वर्षं झाली त्याला जाऊन. मूल नाही, बाळ नाही. त्या काळ्या डब्यात माझा सगळा संसार होता. तू शंभरदा म्हणाली, "एक कॉपी काढून ठेव वो." मी म्हटलं, "तुझी मास्तरकी शाळेत."

मग लॅपटॉप म्हातारे झाले. चालू करायचं बटन दाबून आंघोळ करून यावी, तरी पडद्यावरची चकती गोल गोल फिरतच असायची. तू तुझा घेऊन दुकानात गेली. दुकानातल्या पोट्ट्याने झाकणही न उघडता सांगितलं, "आंटीजी, इसमें कुछ नहीं रखा, नया ले लो." निखिलला फोन केला तर तो म्हणे, "मम्मी, फेंक दो ना यार." इंजिनिअर आहे तो! दिवसभर कंप्युटरसमोर बसायचा पगार घेतो आणि आईला सांगायला याच्याकडे एवढंच. पोटच्या पोराने "यार" म्हटलं म्हणून तू दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी चष्मा लावून फोनवर वाचायला बसली. कुठेतरी तुला सापडलं की फुकट मिळणारी एक सिस्टीम असते, लिनक्स म्हणून, जुन्या लॅपटॉपवर आपली आपल्याला टाकता येते आणि तो पुन्हा पळायला लागतो.

मी काय हसले होते. "बाप्पा! बासष्ट वर्षांची मास्तरीण सिस्टीम टाकते म्हणे!" तुला ते लागलं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी थांबले नाही.

पण तूही काय कमी होती? शाळेतलं उरलेलं हजेरीचं रजिस्टर काढलं आणि लाल पेनाने पहिल्या पानावर लिहिलं, 'स्वतः करणे'. पहिला आठवडा वाया गेला, कारण तू ती डाउनलोड केलेली फाईल फोटो टाकावा तशी पेन ड्राइव्हमध्ये नुसती टाकली आणि लॅपटॉप ती ओळखेना. तू त्यालाच शिव्या दिल्या. मग कळलं की ती नुसती टाकायची नसते, एका वेगळ्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. रजिस्टरमध्ये लाल अक्षरात नोंद, 'चूक माझी.' तेवढं लिहायला तुला किती जड गेलं असेल! अक्षर बघूनच समजतं, पेन कागदात रुतलाय. मग लॅपटॉप चालू होताना वरचं एफ-बारा बटन दाबत राहायचं, म्हणजे तो आतलं काही न बघता थेट पेन ड्राइव्हवरून उघडतो, हे शिकली. पंधरा दिवस ती सिस्टीम नुसती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिली. वायफाय लागेना तर फोन वायरने जोडून इंटरनेट घेतलं. मला फोन करून सांगायची, जसं काही नातू पास झाला. मी "हो का" म्हणायचे आणि भाजी परतत राहायचे.

मी एकदा म्हटलं, "माझ्यावर पण टाकून दे." तू म्हणाली, "मी नाही टाकून देणार. तुझी तू टाक, मी बाजूले बसते. उत्तर सांगितलं की गणित येत नसते." मला असा राग आला. सख्खी बहीण, आणि मला विद्यार्थी समजून राहिली! तरी ठरलं. आधी तू तुझ्यावर टाकणार, मी बघणार. मग मी माझ्यावर. त्याआधी कॉपी काढायची, असंही ठरलं होतं.

मी माझा लॅपटॉप घेऊन तुझ्याकडे आले. दुपार होती. आपण दोन्ही कव्हरातून काढले, ओल्या फडक्याने पुसले, शेजारी शेजारी दिवाणावर ठेवले. दोन काळे डबे. दोघांच्याही बॅटऱ्या मेलेल्या, वायर लावल्याशिवाय उघडत नाहीत. तू एकाला वायर लावली, पेन ड्राइव्ह खोचला, एफ-बारा दाबलं. भाषा मराठी निवडली. ते विचारत गेलं, तू लाल पेनाने रजिस्टरवर खूण करत गेली. शेवटी ते विचारतं, डिस्कवरचं सगळं पुसून सिस्टीम टाकायची का? तू ते तीनदा वाचलं. आणि दाबलं.

काम झाल्यावर तू चहा टाकला. लॅपटॉप चटकन उघडला, तू टाळी वाजवली. मी म्हटलं, आता माझ्यावर. दुसऱ्याला वायर लावली आणि पडद्यावर तुझ्या शाळेचा निरोप समारंभ आला. हार घातलेली तू, मागे फळा. मी म्हटलं, "ताई, तुझा फोटो माह्या लॅपटॉपवर काहून आहे?"

तू दोन्ही लॅपटॉपकडे आळीपाळीने पाहिलं. चहाचा कप हातात तसाच. मला समजायला तुझ्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

मग मी जे बोलले ते तुला पाठ असेल. मी म्हटलं, "मनोहरले तू दुसऱ्यांदा मारलं." तू माझी क्षमा मागितली नाही, रडली नाही. सरळ जाऊन त्या पुसलेल्या लॅपटॉपची वायर ओढली, कव्हरात घातला, छातीशी धरला आणि म्हणाली, "याले आता कोणी हात नाही लावायचा. तू पण नाही." माझा संसार पुसला आणि वर डबाही ठेवून घेतला! मी चप्पल घातली आणि निघाले. ऑटोत बसेपर्यंत मला वाटत होतं तू मागून हाक मारशील.

आठ महिने मी हे सगळ्यांना सांगितलं. ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींना, आपल्या चुलत्यांना, सोसायटीतल्या त्या खोचक बाईलासुद्धा, जिला मी एरवी नमस्कारही करत नाही. मोठ्या बहिणीला शहाणपणाची हौस आली आणि माझ्या नवऱ्याचा शेवटचा फोटोही गेला. सगळे च्यक च्यक करायचे. मला बरं वाटायचं. निखिलने पुण्याहून फोन करून मला म्हटलं, "मौसी, मैंने तो पहले ही बोला था मम्मी को." तो तुला मूर्ख म्हणत होता आणि मी ऐकून घेतलं. तू दोनदा फोन केला, मी कापला. मग तुझे मेसेज सुरू झाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

'हिरवा स्वेटर, मागे धबधबा. कुठला?'

'मनोहररावांसोबत टोपीवाला कोण?'

'हा कुत्रा कोणाचा?'

मला वाटलं तुझं डोकं फिरलं. नाहीतर आठवणी काढून काढून जखमेवर मीठ चोळून राहिली. मी वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे. एकालाही उत्तर दिलं नाही. एवढा माज होता मला.

सतरा दिवसांपूर्वी सकाळी तुझ्या शेजारच्या भाभीचा फोन आला. "दीदी, जल्दी आव, बड़े दीदी उठत नइ हे." मी म्हटलं, "डॉक्टरले बोलाव." ती म्हणाली, "हव दीदी, आय रिहिस, देख के चल दिस." येऊन, पाहून गेलाही होता तो. तेलीबांध्यापासून गुढियारीपर्यंत मी ऑटोवाल्याला शिव्या देत आले, हळू चालवतो म्हणून. त्याने बिचाऱ्याने मागे वळूनही पाहिलं नाही. तू पलंगावर नव्हती. टेबलाशी खुर्चीत बसलेली होती, चष्मा नाकावर, मान थोडी कलती, पेपर तपासता तपासता डुलकी लागावी तशी. समोर तुझा लॅपटॉप, शेजारी माझा, वायरा जोडलेल्या. मी चष्मा काढून ठेवला. झाकणं मी बंद केली नाहीत, कोणीतरी दुसऱ्याने केली.

निखिल आला, रडला, केस काढले. चौथ्या दिवशी त्याने घर आवरायला काढलं आणि भंगारवाल्याला दारात उभं केलं. पंखा, मिक्सर, पेपरची रद्दी आणि वर दोन्ही लॅपटॉप. "मौसी, ये सब कबाड़ है. मेरे पास टाइम नहीं है." मी म्हटलं, "तुझ्याकडे टाइम कधी होता? ठेव खाली." भंगारवाला घाबरून एक पाऊल मागे सरला. निखिल नाही घाबरला, त्याने खांदे उडवले. पण त्याच्यावर तरी कशाला चिडू, मीही आठ महिने तेच केलं. दोन्ही लॅपटॉप, एक बाहेरची डिस्क आणि रजिस्टर पिशवीत घातलं. जिन्यात भाभी म्हणाली, दिवसभर त्यातच बसायची, जेवण थंड व्हायचं, बोलावलं तर ओरडायची. तेवढं मात्र मला पटलं. तू अशीच होती.

घरी येऊन तुझा उघडला. कुलूप-बिलूप काही नाही. नंतर समजलं की त्या दुपारच्या दुसऱ्याच आठवड्यात तू त्याच्यावरही सिस्टीम टाकली होती, या वेळी खरंच तुझ्या लॅपटॉपवर. रजिस्टर उघडलं. तीच लाल अक्षरं.

'पुसलं म्हणजे लगेच जात नाही. नवं काही टाकलं की त्याच्याखाली दबून जातं. म्हणून सुमीचा लॅपटॉप चालू करायचा नाही. सुमीलाही करू द्यायचा नाही.'

म्हणून तू त्या दुपारी तो छातीशी धरला होता.

तू त्याची डिस्क काढून तुझ्या लॅपटॉपला जोडली होती आणि एक फुकटचाच प्रोग्राम लावून त्यातलं सगळं खरवडून बाहेरच्या डिस्कवर घेतलं होतं. एका वेळी दोन दोन दिवस चालायचं ते. मध्ये लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या नोंदी आहेत. 'लाईट गेली. पुन्हा.' 'पुन्हा.' 'लाईनमनशी भांडले. पुन्हा.' आणि एका पानावर नुसतं, 'मनोहरराव दिसले.'

फोटो निघाले, पण त्या प्रोग्रामने निघतात तेव्हा नावं निघत नाहीत. नुसते आकडे. कुठला कधीचा, कोणाचा, काही नाही. हजारो आकडे, आणि त्यात कचरा किती, बटनांची चित्रं, जाहिरातीचे तुकडे, अर्धे फोटो. कोणी शहाणं असतं तर तसंच पेन ड्राइव्हमध्ये भरून तोंडावर फेकलं असतं, घे तुझे फोटो म्हणून. तू एकेक उघडला आणि एकेकाला नाव दिलं. मराठीत. स्टीलच्या डब्यावर कोरावं तसं. आणि काय नावं, ताई!

'मनोहरराव ड्यूटीवरून आलेले, चहा पाहिजे असा चेहरा.'

'सुमी तोंड फुगवून, गोंदिया स्टेशन, या वेळी कारण मी नाही.'

'सुमी नवी साडी, मला न सांगता एकटीच घेतलेली.'

'मनोहरराव झोपलेले. झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नये, सुमीला अक्कल नाही.'

'मनोहरराव दवाखान्यात. हा मी पुन्हा उघडणार नाही.'

मी हसले. खरंच हसले, तुझ्या मरणाला आठवडाही झाला नव्हता आणि मी पदर तोंडात कोंबून हसत होते. माणसाने उपकार करतानाही असं टोचून बोलावं! विहारातल्या त्या सगळ्यांना ही नावं वाचून दाखवायला हवी होती. मनमिळाऊ म्हणे.

मग शेवटी एक वेगळं फोल्डर सापडलं. नाव, 'सुमीला विचारायचं'. त्यातला पहिला फोटो हिरव्या स्वेटरचा, मागे धबधबा. दुसऱ्यात टोपीवाला. तिसऱ्यात कुत्रा. मी फोन काढला आणि तुझे मेसेज एकापुढे एक लावून पाहिले. त्याच क्रमाने. चाळीसच्या वर फोटो आहेत त्यात, ताई, आणि मेसेज अकरा. अकरानंतर तू विचारणं सोडून दिलं. उत्तर न देणाऱ्या पोराला तू वर्गात तिसऱ्यांदा विचारायची नाही. मला अकरा वेळा विचारलं.

सरळ सांगायचं होतं ना गं, भवाने! एक ओळ लिहायची होती, 'फोटो निघून राहिले.' मी धावत आले असते. रजिस्टरमध्ये त्याचंही उत्तर आहे. 'सगळं निघेपर्यंत सुमीला सांगायचं नाही. आशा लागेल. व्हिडिओ निघाला नाही तर?' आणि पुढच्या पानांवर तो व्हिडिओच व्हिडिओ. 'उघडत नाही.' 'दुसऱ्या प्रकारे केलं, उघडत नाही.' 'आवाज तरी?' 'नाही.' शेवटची नोंद तू गेली त्याच्या आदल्या दिवसाची आहे. 'दूध उतू जाईल, हे मनोहररावांचं वाक्य मला ऐकू येतं. सुमीला ते कसं देऊ?'

नाही मिळाला तो व्हिडिओ. गेला तो गेला. पण ते वाक्य तुलाही पाठ होतं, एवढं मला मिळालं. मी आठ महिने समजत होते की ते एकट्या माझं आहे.

चार दिवस बसून मी तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं लिहिली. हिरवा स्वेटर, चित्रकोट. टोपीवाला त्याच्या मालगाडीचा ड्रायव्हर, ज्याच्या हातची खिचडी तो माझ्यापेक्षा चांगली म्हणायचा. कुत्रा कोणाचाच नाही, डोंगरगडच्या यार्डातला, मनोहर त्याला अर्धी पोळी टाकायचा. एकेका फोटोला नाव दिलं आणि त्या फोल्डरमधून बाहेर काढलं. टोमणे मला तुझ्यासारखे जमले नाहीत. मग तीन ठिकाणी कॉपी केल्या. एक भाभीकडे ठेवली. तू असती तर म्हणाली असती, आता सुचलं का.

आणि आज सकाळी माझ्या लॅपटॉपवर सिस्टीम टाकायला बसले. त्याची डिस्क तू परत आत बसवून ठेवली होती. म्हणजे त्या दुपारची पुसून, नव्याने, माझी मी. रजिस्टरमध्ये माझ्यासाठी वेगळं पान निघालं, वर 'सुमीचं गणित' असं लिहिलेलं. पेन ड्राइव्ह. एफ-बारा. वायफाय लागणार नाही, फोन वायरने जोड. भाषा मराठी. आणि सातव्या ओळीला लाल चौकट, 'इथे थांब. लॅपटॉप उलटून पाहा. मगच दाब.'

आता ती गोष्ट सांगते जी मी सगळ्यांना सांगताना दर वेळी गाळली.

त्या दुपारी तू तीनदा वाचलं आणि बोट उचललं. म्हणाली, "थांब सुमे, उलटून पाहते एकदा. माह्यावाल्याले खालून चुन्याचा डाग आहे." तू उठायला लागली होती, ताई. आणि मी म्हटलं, "दाब नं वो माय! जन्मभर पोरायले भिववलं आणि एका बटनाले भिऊन राहिली!" तू माझ्याकडे पाहून हसली. हार घातलेल्या त्या फोटोसारखं नाही, खरं, दात दाखवून. आणि दाबलं.

मी म्हटलं म्हणून दाबलं. आठ महिने सगळा गाव तुला नावं ठेवत होता, तुझा पोरगा तुला मूर्ख म्हणत होता, आणि तू एकालाही सांगितलं नाही की दाब कोण म्हणालं होतं. रजिस्टरमध्येही नाही. मी सगळी पानं पाहिली. त्या दुपारच्या पानावर फक्त दोन शब्द आहेत, पहिल्यासारखेच, 'चूक माझी.' खोटं लिहिलं तू. विहारातल्या त्या ठेकेदाराला मी खोटारडा म्हणते, आणि आठ महिने खरं गिळून बसलेली मी!

मी लॅपटॉप बंद केला आणि उलटून पाहिला. खाली, बॅटरीच्या बाजूला, गोल बाजारच्या त्या कोरणाऱ्याच्या अक्षरात 'सुमन' कोरलेलं होतं. 'न' बरोबर. त्याखाली बारीक, आंदणाच्या भांड्यावर असतं तसं, 'प्रमिलाकडून'.

पुन्हा चालू केला. पुन्हा एफ-बारा, पुन्हा मराठी. पुन्हा ते विचारायला लागलं, सगळं पुसून टाकायचं का. घरात दाब म्हणणारं कोणी नव्हतं. लॅपटॉप माझाच होता, ताई, मी पाहिलं होतं. तरी अजून एकदा उलटून पाहिला, आणि मग दाबलं.